विमानाच्या तासाचा खरा भाव

समजा, फ्लोरिडातल्या एका छोट्या विमानतळावर पाटी आहे: सेसना १७२ हे छोटं विमान भाड्याने, तासाला १५० डॉलर. वीस मैलांवरच्या दुसऱ्या विमानतळावर तेच मॉडेल, तेवढंच जुनं, १०५ डॉलरला. प्रायव्हेट पायलट लायसन्स हातात आलंय, पगारी वैमानिकाच्या कमर्शियल लायसन्ससाठी अजून उड्डाणाचे शंभर-सव्वाशे तास भरायचेत (याला अवर-बिल्डिंग म्हणतात), म्हणजे फरक साडेचार हजार डॉलरच्या वर. कोणीही दुसऱ्या पाटीकडे धावेल. पण पहिला दर पेट्रोलसकट आणि हॉब्स मीटरवर, म्हणजे इंजिन चालू असलेल्या वेळावर असतो, दुसरा पेट्रोल सोडून आणि टॅक मीटरवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना होतच नाही. पाटीवरचा तास आणि लॉगबुकात लिहिता येणारा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला भाव काढायचाय तो दुसऱ्याचा.

हे सगळं अमेरिकेच्या संदर्भात लिहायचं कारण साधं आहे. नुसतं विमान भाड्याने घेऊन एकट्याने तास भरायची सोय तिथे गावोगावी आहे; सर्वांसाठी खुले विमानतळच पाच हजारांच्या आसपास आहेत. आपल्याकडे गोंदियाचं बिरसी, बारामती, धुळे, शिरपूर इथे शिकायची सोय आहे, पण तास भरले जातात ते त्या-त्या संस्थेच्या विमानांवर, संस्थेच्या वेळापत्रकात. लायसन्स दाखवून सुट्टं विमान दिवसभरासाठी घेऊन जाणं जवळपास नाहीच. इंधनाचीही अडचण होती. छोट्या पिस्टन इंजिनांना लागणारं हंड्रेड लो-लेड, म्हणजे अ‍ॅव्हगॅस, २०२२ पर्यंत बाहेरूनच येत असे. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीतून काढायला सुरुवात केली.

आधी गरज मोजा, मग विमान शोधा

भारतात परतून डीजीसीएचं, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं कमर्शियल लायसन्स काढायचं असेल तर एकूण २०० तास लागतात. त्यात पायलट-इन-कमांड (उड्डाणाची जबाबदारी ज्याच्यावर तो वैमानिक), म्हणजे पीआयसी म्हणून १०० तास. पीआयसी म्हणून २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतचं उड्डाण, आणि त्यातलं एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. १० तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवलेले, त्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त ५. रात्रीचे ५ तास, त्यात १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही घ्यायचं म्हटलं तर पीआयसी क्रॉस कंट्री ५० तासांवर जातं.

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या नियमांच्या पार्ट ६१ खाली कमर्शियलला २५० तास, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या पार्ट १४१ खाली १९०. पार्ट ६१ मध्ये लांबचं उड्डाण एकूण ३०० नॉटिकल मैलांचं हवंच, शिवाय एक लँडिंग निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत किमान २५० मैलांवर हवं आणि ते उड्डाण एकट्याने करायचं असतं. मित्राला शेजारी बसवून केलेलं चालत नाही. (प्रशिक्षक बसवून करायची वेगळी तरतूद आहे, पण तिथे त्याची फी चढते.) क्रॉस कंट्री म्हणून धरायला एरवीही ५० नॉटिकल मैलांपलीकडचं लँडिंग लागतं, त्यामुळे ४५ मैलांवरच्या आवडत्या गावाला दहा वेळा जाऊन आलं तरी त्या रकान्यात शून्यच.

डीजीसीएच्या नियमात आणखी एक पाचर आहे, आणि तिच्यात दरवर्षी मुलं अडकतात. शंभर पीआयसी तासांपैकी १५ तास, आणि रात्रीचे ते दहा टेक-ऑफ, दहा लँडिंग, अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. अमेरिकेत सगळं उरकून आलात, इथे पेपर, मेडिकल, एफएएकडून लायसन्सची पडताळणी यांत आठ महिने गेले, की तेच पंधरा तास पुन्हा, तेही इथल्या दराने. म्हणून कागदपत्रं आणि पेपर आधी मार्गी लावा. रात्रीचं उड्डाण आणि शेवटचे पंधरा तास अगदी शेवटासाठी राखून ठेवा.

दोन मीटर, चार दर

शेतीला ट्रॅक्टर भाड्याने घेताना पहिला प्रश्न असतो: डिझेलसकट की डिझेल सोडून? विमानातही तेच. इंधनासकट तो वेट दर, इंधन सोडून तो ड्राय. मालक हिशेब कुठल्या मीटरवर करतो, हा दुसरा प्रश्न.

हॉब्स हे साधं घड्याळ. बहुतेक विमानांत ते ऑइल प्रेशरवर सुरू होतं, म्हणजे इंजिन लागलं की पैसे चालू, मग तुम्ही जमिनीवर उभे असा नाहीतर हवेत. काही जुन्या विमानांत ते मास्टर स्विचवर जोडलेलं असतं. तिथे इंजिन न लावता रेडिओ ऐकत बसलात तरी मीटर पळतं. तासाचा एक दशांश म्हणजे सहा मिनिटं. टॅक मात्र इंजिनाचे फेरे मोजतो. क्रूझच्या, म्हणजे उंची गाठल्यावरच्या सरळ उड्डाणातल्या, ठरावीक आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) टॅकचा एक तास म्हणजे घड्याळाचा एक तास; हजार आरपीएमवर जमिनीवर टॅक्सी करत असताना तो जेमतेम निम्म्याने सरकतो.

आता सुरुवातीच्या दोन पाट्या घेऊ. पेट्रोल गॅलनला साडेसहा डॉलर धरू.

विमानतळाभोवती सर्किट, म्हणजे टेक-ऑफ आणि लँडिंगच्या फेऱ्या मारल्यात: हॉब्स १.३, टॅक १.०, इंधन ९ गॅलन. पहिल्या विमानाचे १९५ डॉलर झाले. दुसऱ्याचे १०५ अधिक पेट्रोलचे ५८.५०, म्हणजे १६३.५०. तासाला साधारण १२६ पडले. बरीच बचत.

लांब पल्ल्याला गेलात: हॉब्स ३.०, टॅक २.७, इंधन २४ गॅलन. पहिल्याचे ४५०. दुसऱ्याचे २८३.५० अधिक १५६, म्हणजे ४३९.५०. तासाला १४६.५० पडले. पाटीवरची ४५ डॉलरची तफावत साडेतीन डॉलरवर आली, आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत वीस मैल गाडी हाकायचा खर्च अजून धरलेलाच नाही.

टॅक आणि ड्राय अशी जोडी मिळाली तर मात्र एक खुबी हातात येते. अवर-बिल्डिंगमध्ये पोहोचायची घाई कोणाला असते? मैल नाही, तास हवेत. मॅन्युअलच्या क्रूझ तक्त्यात बसेल असा कमी आरपीएम ठेवा, उंची गाठल्यावर मिक्स्चर नीट लीन करा, म्हणजे हवेच्या मिश्रणातलं पेट्रोल कमी करा. टॅकही हळू पळतो, पेट्रोलही कमी जळतं. वेट-हॉब्सवर ही बचत मालकाच्या खिशात जाते, तुमच्या नाही. याच न्यायाने वेगवान विमान घेण्यात काही अर्थ नाही. जुनी सेसना १५२ ताशी सहा गॅलनच्या आसपास पिते, १७२ आठ-नऊ. ९५ नॉट्सने रांगणारी १५२ या कामाला सगळ्यांत शहाणी.

पण तिला वजन झेपत नाही, हेही लक्षात ठेवा. कमाल वजन १,६७० पौंड. रोजच्या वापरातल्या विमानाचं रिकामं वजन बहुधा १,१५० च्या घरात. उरले ५२०. टाकीतलं वापरता येणारं साडेचोवीस गॅलन पेट्रोल १४७ पौंडांचं. म्हणजे ८५ किलोचे दोघे बसले की संपलं, पाण्याच्या बाटलीलाही जागा नाही. विमानासोबतच्या कागदावरचं खरं रिकामं वजन बघा, पुस्तकातलं नको. एकटे जाणार असाल तर हा प्रश्नच येत नाही.

पाटीवर नसलेले पैसे

फोन करताना विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. चेकआउट उड्डाणाचे (विमान देण्याआधी प्रशिक्षक तुम्हाला पारखतो ते) किती तास आणि प्रशिक्षकाची फी किती? तीन ठिकाणी स्वस्त विमान शोधून तीनदा चेकआउट दिलात तर बचत तिथेच आटली. दिवसभर विमान नेलं तर किमान किती तासांचं बिल? बऱ्याच ठिकाणी तीन किंवा चार तास धरतात. मुक्कामी नेलं तर दर दिवसाला तेवढे. वेट दरात बाहेरगावी भरलेल्या पेट्रोलचे पैसे कुठल्या भावाने परत मिळतात? उत्तर बहुधा ‘आमच्या इथल्या भावाने’ असं असतं. वाटेतल्या विमानतळावर गॅलनमागे दोन डॉलर जास्त असले तर ते तुमच्या माथी. म्हणून थांबा ठरवताना स्वतः भरायचा पंप कुठे आहे ते बघतात; गाडी घेऊन येऊन भरून देणाऱ्यापेक्षा तो स्वस्त पडतो. इंधन अधिभार, विक्रीकर, सदस्यत्वाची वर्गणी हे उरलेले तीन.

ड्राय विमानात टाकी ज्या पातळीवर मिळाली त्याच पातळीवर परत द्यायची असते. निघायच्या आधी काडी घालून मोजा, फोटो काढा. आधीचा माणूस चार गॅलन कमी भरून गेला असेल तर ते तुमच्याच खात्यावर निघतात.

विम्याबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहे. ‘विमानाचा विमा आहे ना’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं, आणि ते खरंही असतं. पण तो विमा मालकाचा. तुमच्या हातून विमान बिघडलं तर विमा कंपनी मालकाला पैसे देईल आणि मग तेच पैसे वसूल करायला तुमच्याकडे येऊ शकते. भाडेकरूचा वेगळा विमा मिळतो. त्यात दोन भाग असतात, दुसऱ्याच्या जिवाला आणि मालमत्तेला झालेलं नुकसान हा एक, भाड्याच्या विमानाचं नुकसान हा दुसरा. दुसरा भाग ऐच्छिक असतो आणि पैसे वाचवायला लोक नेमका तोच गाळतात. निदान मालकाच्या विम्यातली, अपघातात भाडेकरूने भरायची रक्कम झाकली जाईल एवढा तरी घ्यावा.

आगाऊ पैसे: ब्लॉक टाइम

२५, ५० किंवा १०० तासांचे पैसे आधी भरले की तासामागे काही डॉलर सुटतात. व्यवहार चांगला आहे, पण तुम्ही त्या संस्थेला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देताय हे विसरू नका. नेवाडातली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षण संस्था फेब्रुवारी २००८ मध्ये अचानक बंद पडली, दिवाळखोरीत गेली, आणि पूर्ण कोर्सचे पैसे आधी भरलेले विद्यार्थी हात चोळत बसले. संस्था मोठी म्हणून पैसे सुरक्षित असं काही नसतं.

दहा-दहा तासांचे तुकडे घ्या. न वापरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, ते लेखी घ्या. आणि ताफ्यात त्या प्रकारची विमानं किती, ते मोजा. एकच १५२ असेल आणि तिचं इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीला गेलं तर दोन-तीन महिने तुमचे पैसे हँगरमध्ये झोपतात. व्हिसाची तारीख मात्र झोपत नाही.

स्वस्त विमान असतं कुठे

इंटरनेटवर वर दिसणाऱ्या मोठ्या शाळांत नसतं. मोठ्या शहरापासून तास-दीड तासावरच्या, टॉवर नसलेल्या विमानतळांवर असतं. तिथे हँगरचं भाडं कमी, धावपट्टीच्या तोंडाशी रांग नाही; हॉब्सवर उडणाऱ्यासाठी रांगेतली पंधरा मिनिटं म्हणजे पाव तासाचं बिल.

फ्लाइंग क्लब हा सगळ्यांत चांगला मार्ग. पंधरा-वीस जणांनी मिळून एक-दोन विमानं घेतलेली असतात. प्रवेश फी, महिन्याची वर्गणी आणि खर्चापुरता तासाचा दर. गणित सोपं आहे: प्रवेश फी आणि वर्गणीची बेरीज तुमच्या तासांनी भागा आणि दरात मिळवा. चार महिन्यांत शंभर तास उडणाऱ्याला क्लब जवळजवळ नेहमीच परवडतो. वीस तासांसाठी नाही. अमेरिकेतल्या एओपीए या वैमानिकांच्या संघटनेने क्लब शोधायची सोय केलेली आहे. अडचण एकच, क्लबात जागा रिकामी व्हावी लागते आणि चार महिन्यांच्या पाहुण्याला सगळे घेत नाहीत.

एम-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर शिकत असाल तर बाहेरच्या ठिकाणी विमान घेण्याआधी व्हिसासाठीचा आय-२० फॉर्म देणाऱ्या शाळेला लेखी विचारा. प्रशिक्षण आलं की टीएसए या अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेची तपासणी आलीच, आणि शाळा बदलली की तिथेही कळवावं लागतं. भारतीय लायसन्सच्या आधारे एफएएचं लायसन्स घेणार असाल तर पडताळणीचा अर्ज ओक्लाहोमा सिटीतल्या कार्यालयात महिनोन् महिने आधी टाकावा. तिकीट काढून मग नको.

‘अर्ध्या भावात तास’

दोन मित्रांनी मिळून तास भरले तर खर्च अर्धा, असं सर्रास ऐकायला मिळतं. एकाने जाताना उडवलं, दुसऱ्याने येताना, तर प्रत्येकाला आपापलेच तास मिळतात. एका तासाचा भाव तोच राहतो. भाव खरोखर अर्धा होतो तो सेफ्टी पायलटच्या नियमाने. एक जण डोळ्यांवर हूड लावून फक्त उपकरणांवर उडवतो, दुसरा बाहेर नजर ठेवतो. दोघांनी आधी ठरवलं असेल की कमांड बाहेर बघणाऱ्याकडे, तर एफएएच्या नियमाने हूड असेपर्यंतचा वेळ दोघेही पीआयसी लिहू शकतात. बाहेर बघणाऱ्याकडे त्या वर्गाच्या विमानाचं रेटिंग आणि चालू मेडिकल लागतं. टॅक्सी, टेक-ऑफ आणि लँडिंगचा वेळ त्याचा नाही, आणि क्रॉस कंट्रीही त्याच्या रकान्यात जात नाही.

अमेरिकेत पुढे जायचं असेल तर हे कायदेशीर आहे, लिहा. भारतात परतायचं असेल तर शंभर पीआयसी तासांचा पाया या नोंदींवर उभारू नका. एकाच विमानाच्या एकाच तासाला दोन पीआयसी, हे कागद तपासणाऱ्या माणसाला समजावून सांगायची पाळी येऊच नये. ते शंभर तास स्वतःच्या कमांडचे, शक्यतो एकट्याने उडवलेले असू द्या.

स्वस्त आणि खराब यातला फरक

अमेरिकेत दर १०० तासांची तपासणी सक्तीची आहे ती पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या, आणि प्रशिक्षकासकट शिकवायला दिल्या जाणाऱ्या विमानांना. नुसतं भाड्याने दिलं जाणारं विमान वर्षातून एकदाच्या तपासणीवर कायदेशीरपणे उडू शकतं. पाटीवरचा दर फारच कमी असेल तर बऱ्याचदा कारण इथे सापडतं. देखभालीची वही मागा. शेवटची वार्षिक तपासणी कधी, ट्रान्सपाँडरच्या (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राच्या) तपासणीला २४ महिने झालेत का, इंजिन ओव्हरहॉलपासून किती तास चाललंय. वही दाखवायला कां-कूं केली तर पुढचा विमानतळ बघा. तक्रारींचं पान, ज्याला स्क्वॉक शीट म्हणतात, तेही वाचा. ते कोरं असणं ही चांगली खूण नाही. चाळीस वर्षांच्या विमानात तक्रार नाही म्हणजे कोणी लिहीतच नाही.

जुन्या सेसनात एक गोष्ट हाताने तपासायची. सीट ज्या रुळावर सरकते त्याला भोकं असतात आणि सीटची पिन त्यांत बसते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोकं लंबगोल होतात, पिन झिजते, आणि टेक-ऑफला नाक वर जाताच सीट सरकन मागे जाते. माणूस तोल सावरायला हातातलं धरतो, हातात असतं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, आणि नाक आणखी वर जातं. यातून जीव गेले आहेत. म्हणूनच एफएएचा २०११ चा आदेश या रुळांची ठरावीक काळाने तपासणी मागतो. बसल्यावर दरवाजाची चौकट धरून स्वतःला जोरात पुढे-मागे ढकला. ‘खट्’ आवाज आला म्हणजे पिन बसली असं नाही. सीट हलली नाही म्हणजे बसली.

दुसरी जागा रन-अपची, म्हणजे टेक-ऑफआधीच्या इंजिन तपासणीची. १५२ मध्ये १,७०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद करून बघतात. आरपीएमची घसरण १२५ च्या आत आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत हवा. इंजिन धडधडायला लागलं, घसरण २०० वर गेली, तर बऱ्याचदा दोष मॅग्नेटोचा नसतो. पेट्रोलमधलं शिसं स्पार्क प्लगवर साचलेलं असतं, विशेषतः आधीच्या माणसाने मिक्स्चर पूर्ण पुढे ठेवून लांबलचक टॅक्सी केली असेल तर. आरपीएम दोन हजारच्या आसपास न्या, मिक्स्चर लीन करा, मिनिटभर थांबा, परत बघा. साफ झालं तर ठीक. नाही झालं तर परत फिरा आणि स्क्वॉक लिहा. त्या दोन दशांशांचं बिल लावू नका असं सांगायला संकोच करू नका.

एक उड्डाण, दोन नियम

लांबचं उड्डाण असं आखा की एफएए आणि डीजीसीए दोन्हींचं काम एकाच बिलात होईल. उदाहरण घ्यायचं तर फ्लोरिडातल्या डेटोना बीचपासून दक्षिण टोकाच्या ‘की वेस्ट’ बेटापर्यंत. सरळ अंतर सुमारे २८० नॉटिकल मैल, म्हणजे अडीचशेची अट पार. जाताना सेब्रिंगला पूर्ण थांबा घेतलात की दोन वेगवेगळे विमानतळ झाले. डेटोना–सेब्रिंग साधारण १०५ मैल, सेब्रिंग–की वेस्ट १७५. वारा आडवा आला नाही तर १५२ ला दुसरा टप्पा दोन तासांच्या आत. पेट्रोल बारा-तेरा गॅलन, शिवाय दिवसाची अर्ध्या तासाची सक्तीची शिल्लक. तरी सेब्रिंगला टाकी भरूनच निघावं, कारण शेवटचा पट्टा एव्हरग्लेड्सच्या दलदलीवरून आणि पुढे समुद्रावरून जातो. सरळ पाण्यावरून जाण्यापेक्षा बेटांची माळ धरून जाणं लांब पडतं, पण तास तर भरायचेच आहेत. की वेस्टच्या शेजारीच नौदलाचा तळ आहे, त्यामुळे चार्टवरची लष्करी क्षेत्रं आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) निघायच्या आधी बघा. की वेस्टला थांबण्याची फी किती, हे आदल्या दिवशी फोनवर विचारा.

जाऊन-येऊन सरळ रेषेत ५६० मैल, म्हणजे १५२ वर सहा तासांच्या आसपास. दिवसाच्या किमान तासांची अट आपोआप भागते. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी ढग फुटतात ते रोजच्या गाडीसारखे, म्हणून सकाळी सातला चाकं जमिनीवरून सुटलेली हवीत. परतीच्या वाटेवर दुपार गाठलीच तर सेब्रिंगला उतरून तासभर बसा. इंजिन बंद असताना हॉब्स थांबलेला असतो, तेवढा वेळ फुकटचा.

त्या दिवशीच्या पेट्रोलच्या पावत्या, निघण्या-उतरण्याच्या वेळा आणि शाळेच्या डिस्पॅचच्या, म्हणजे विमान देण्या-घेण्याच्या नोंदीची प्रत एका पाकिटात ठेवा. लॉगबुकातली वेळ आणि डिस्पॅचमधली वेळ जुळते का ते तिथेच, त्याच संध्याकाळी बघून घ्या. दोन वर्षांनी दिल्लीतून, डीजीसीएकडून विचारणा आली तर तोवर ती शाळा चालू असेलच असं नाही.